भाषिक अल्पसंख्य आणि उदारमतवाद

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आम्ही हैदराबादचे मराठी भाषिक जागचे हललो नाही. हलली ती सरहद्द. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आपले शहर आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. मी तेव्हा दुसरीत होतो.

विल किम्लिका या कॅनेडियन विचारवंताने १९९५ च्या ‘मल्टिकल्चरल सिटिझनशिप’ या ग्रंथात अल्पसंख्याकांचे दोन मुख्य वर्ग कल्पिले: आपल्याच भूमीवर असता मोठ्या राज्यात सामावले गेलेले, आणि स्वेच्छेने येऊन स्थायिक झालेले. पहिल्यांचा हक्क त्याने अधिक व्यापक मानला. आम्ही कोणत्या वर्गात बसावे? आमचे आजोबा चरितार्थासाठी इकडे आले खरे. परंतु ते आपल्याच संस्थानाच्या राजधानीत आले होते. येथे ही विभागणी मला तोकडी वाटते.

आपल्या घटनाकारांची दृष्टी अधिक मोकळी होती. मसुद्यातील तेविसाव्या कलमात ‘अल्पसंख्य’ या शब्दाऐवजी ‘नागरिकांचा कोणताही गट’ अशी योजना का केली, याचे स्पष्टीकरण डॉ. आंबेडकरांनी ८ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत दिले. त्यांनी दिलेले उदाहरण तर थेट आपल्या दारचे आहे: महाराष्ट्रातून बंगालमध्ये जाऊन स्थायिक झालेले मराठी लोक तांत्रिक अर्थाने अल्पसंख्य नसले, तरी भाषेने व संस्कृतीने ते तेथे अल्पसंख्यच होत. कोण केव्हा आला, याची चौकशी त्यांनी केली नाही! तथापि त्या संरक्षणाची मर्यादाही त्यांनी सांगितली. शासनाने अन्य संस्कृती लादू नये, एवढेच ते कलम सांगत होते. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याचे दायित्व १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने, ३५० (अ) या कलमाद्वारे आले.

आता अवघड भाग. बाहेरच्या दडपणापासून गटाला संरक्षण द्यावे, परंतु गटाने आपल्याच व्यक्तींवर बंधने लादू नयेत, असे किम्लिका म्हणतो. कर्नाटकातील शिक्षणमाध्यमाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली माध्यमाची निवड पालकांकडेच सोपविली. भाषेचा अध्यापक म्हणून तो निर्णय मला जड गेला. नागरिक म्हणून त्याला माझ्यापाशी उत्तर नाही. माझ्या मुलाने आपल्या कन्येला इंग्रजी शाळेत घातले. मी बोललो, रागावलोही. पण अधिकार त्याचा होता. ती नात रविवारी माझ्यापाशी बाराखडी गिरवते. ‘ळ’ तिला अजून नीट वळत नाही.