काळ, काम आणि गोसेखुर्द



शाळेत असताना मी सातवीला काळ-कामाची गणितं शिकवायचे. दहा मजूर एक भिंत वीस दिवसांत बांधतात, तर वीस मजूर किती दिवसांत? उत्तर, दहा. परवा संगणकाच्या क्षेत्रातला माझा नातू फोनवर म्हणाला, "आजी, रखडलेल्या कामावर माणसं वाढवली तर ते आणखी रखडतं. फ्रेड ब्रूक्सनं १९७५ सालीच लिहून ठेवलंय." मग दुखणं शोधायचं कसं? तर म्हणे, सुटा भाग बघायचा नाही, कशामुळे काय अडतं तो धागा बघायचा. याला सिस्टिम्स थिंकिंग म्हणतात.

फोन ठेवला आणि मला आपलं गोसेखुर्द आठवलं.

वैनगंगेवरच्या या धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींनी बसवली. मूळ अंदाज ३७२ कोटींचा. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांतली अडीच लाख हेक्टर जमीन भिजणार होती. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, केंद्राचा पैसा आला. म्हणजे माझ्या गणितातले मजूर वाढले! पण २०१६ च्या सुधारित मान्यतेत खर्च १८,४९४ कोटींवर गेला. जवळजवळ पन्नास पट.

कुणी म्हणालं पैसा कमी, कुणी म्हणालं भ्रष्टाचार. दोन्हींत तथ्य होतं. डाव्या कालव्याचं अस्तरीकरण निकृष्ट निघालं, हे चौकशीतही आलं. पण धागा धरून पाहा. गावं उठल्याशिवाय जलाशय पूर्ण भरता येत नाही. नव्या गावठाणात सोयी नसतील तर लोक उठणार कसे? जलाशय भरला नाही की कालव्याला पाणी कमी. कालवा तर जमीन मिळेल तिथे तुकड्यातुकड्यानं खणलेला. मधला एक तुकडा राहिला की पुढचे कोरडे. तोवर भाव वाढतात, खर्चाला पुन्हा मान्यता लागते, त्यात वर्षं जातात आणि भाव परत वाढतात. पुनर्वसनाचं सुमारे १,२०० कोटींचं विशेष पॅकेज आलं ते २०१३ मध्ये, कोनशिलेनंतर पंचवीस वर्षांनी. जे आधी करायचं ते शेवटी आलं. भिंत सगळ्यांना दिसते, तिचे तेहतीस दरवाजे पाहायला लोक सहलीला जातात. गावठाणातला नळ पाहायला कोण जाणार?

मनीषनगरात बसून मीही हे सगळं वर्तमानपत्रात वाचायचे आणि चुकचुकायचे. आपला काय संबंध? मग एक दिवस नकाशा उघडला. नागपूरचं सांडपाणी पोटात घेऊन नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेला, आणि पुढे गोसेखुर्दचा जलाशय. ज्या माणसानं धरणासाठी घर सोडलं, त्याच्याच पाण्यात आपल्या शहराची घाण. चाळीस वर्षं भूगोल-गणित शिकवूनही हा धागा मला दिसला नव्हता, याची लाज वाटली.

वर्गात मी विचारायचे, किती मजूर, किती दिवस. भिंत कुणाच्या अंगणात, हे कधी विचारलंच नाही. आज शिकवायला मिळालं तर तिथूनच सुरुवात करीन.

असो. तुमच्याही गावात असं रखडलेलं काम असेल. कुठे अडलंय, ते जरूर लिहा.