नया बाज़ार ते छत्री बाज़ार : पायी वाचायचं लष्कर

ग्वाल्हेरला येणारा पाहुणा किल्ला बघतो, जयविलास बघतो, तानसेनाच्या समाधीवर जातो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो. ज्या गावात तो जेवला आणि राहिला त्या लष्कराकडे त्याचं लक्ष जात नाही. त्याला दोष देता येत नाही, कारण लष्करात बघायला सांगावं असं थोडंच आहे. इथे बघण्यापेक्षा वाचायचं जास्त आहे, आणि ते दुकानांच्या पाट्यांवर, रिक्षावाल्यांच्या तोंडी आणि वीजबिलावरच्या पत्त्यात लिहिलेलं आहे. आमच्या मंडळातल्या सभासदांना आणि बाहेरून येणाऱ्या मराठी वाचकांना वाटाड्याशिवाय फिरता यावं म्हणून ही वाट लिहून ठेवतो आहे. रमतगमत दोन-अडीच तास धरा. सकाळी दुकानं उघडण्याआधी निघा, नाहीतर गर्दीत मान वर करून बघायची सोय राहत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८०३ च्या युद्धात दौलतराव शिंदे हरले आणि डिसेंबरात सुर्जी-अंजनगावचा तह झाला. ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजांकडे गेला, तो १८०५ च्या तहाने परत मिळाला. राजधानी तोवर उज्जैन म्हणवली जाई, पण दरबार खरा असायचा तो छावणीत, आणि छावणी सतत चालती. १८१० मध्ये दौलतरावांनी किल्ल्याच्या दक्षिणेला मुक्काम केला आणि तो पुन्हा हलला नाही. हळूहळू तंबूंच्या जागी भिंती आल्या. गावाला वेगळं नाव कोणी दिलं नाही. फौजेचा तळ म्हणून ‘लष्कर’, तेच कायम झालं.

त्या चालत्या छावणीचं वर्णन टॉमस ब्राउटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०९ सालच्या आपल्या पत्रांतून केलं आहे. ती १८१३ मध्ये लंडनला छापली गेली. बिनीवाला पुढे जाऊन निशाण रोवायचा, ती महाराजांच्या डेऱ्याची जागा. मग एकेका बाजाराची निशाणं ओळीत लागायची आणि त्यांच्यामधून रस्ता तयार व्हायचा. सरदारांच्या जागाही ठरलेल्या. म्हणजे मुक्काम कुठेही पडो, मांडणी तीच. ही एक गोष्ट डोक्यात ठेवून चालायला लागलं की लष्कराच्या गल्ल्या उलगडत जातात. गाव वसवताना नकाशा नव्याने काढावा लागला नसावा, तो फौजेच्या अंगवळणी पडलेला होताच, असं मला वाटतं.

सुरुवात नया बाज़ारातून करायला मी मुद्दाम सांगतो. या नावात सरदार नाही, पलटण नाही, राजा नाही. नवा बाजार, बस्स. नुसतं ‘नवा’ म्हटलं की आजूबाजूला काही जुनं होतं हे आपोआप कळतं. इथून कंपू लांब नाही. आजच्या मराठीत ‘कंपू’ म्हणजे टोळकं, तेही जरा नाक मुरडून. पण अठराव्या शतकाच्या अखेरीस महादजींनी द ब्वान्य या फ्रेंच बोलणाऱ्या सेनानीकडून जी कवायती पायदळं उभी करवली, त्यांना मराठी कागदांत ‘कंपू’ म्हणतात. जिन्सी हे नावही त्याच घरातलं. जिन्सी म्हणजे सरकारी तोफखाना. आज जिन्सी नाला म्हटलं की लोकांना फक्त नाला आठवतो.

नया बाज़ारातून लोहिया बाज़ार, ऊंट पूल आणि पाटणकर बाज़ार अशी वाट धरा. पाटणकर, फाळके, महाडिक, शितोळे, आपटे ही नावं इथे माणसांची कमी आणि मोहल्ल्यांची जास्त झाली आहेत. त्यातलं फाळके हे नाव आपल्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाचं. याच घराण्यातल्या आनंदराव भाऊ फाळक्यांनी ‘शिंदेशाही इतिहासाची साधने’ छापून काढली. आपण ज्या कागदांवर विसंबतो त्यातले कितीतरी त्यांच्यामुळे वाचले.

आता थोडं थांबून ‘गोठ’ हा शब्द बघू. महाडिक की गोठ, बक्षी की गोठ. मराठी माणूस पहिल्यांदा ऐकतो तेव्हा त्याला गोठा आठवतो, बायकांना हातातले गोठ आठवतात. मूळ शब्द ‘गोट’. सरदाराचा तळ, त्याच्या माणसांचे तंबू जिथे पडतात ती जागा. वर्तमानपत्रं अजून ‘विरोधकांच्या गोटात खळबळ’ लिहितात, तोच हा. पुण्या-मुंबईत तो वाक्प्रचारात उरला, आमच्याकडे पत्त्यात उरला, इतकाच फरक. बक्षी म्हणजे फौजेचा पगार वाटणारा अधिकारी. ‘आपटे की पायगा’ मधली पायगा म्हणजे आपली पागा. हुजरात म्हणजे खुद्द धन्याची फौज. आज हुजरात पूल आहे, हुजरात कोतवाली आहे. आणि खल्लासीपुरा! खलाशी म्हटलं की कोकणातल्या वाचकाला समुद्र दिसेल. इथे समुद्र शेकडो कोस लांब. छावणीतले खलाशी तंबू ठोकणारे आणि उतरवणारे. छावणी थांबली आणि त्यांचं काम गेलं, मोहल्ला तेवढा राहिला.

दौलतगंजातून पुढे आलात की बाड्यावर पोचता. कागदोपत्री हा जयाजी चौक, पण सगळं गाव ‘बाडा’ म्हणतं. बाडा म्हणजे वाडा, उत्तरेच्या जिभेवर ‘व’चा ‘ब’ झाला. भोवतीच्या इमारती नंतरच्या, विलायती धाटणीच्या. त्यातली व्हिक्टोरिया मार्केट २०१० मध्ये आगीत जळाली, मग पुन्हा उभी केली. पण लगतच्या गोरखीत नक्की डोकवा. १८७४ मध्ये जयविलास बांधून झाला, त्याआधी राजघराणं इथे राहायचं. गोरखीतल्या देवघराबरोबर सूफी संत मन्सूर शहांचंही स्थान शिंदे घराण्याने जपलं आहे. हे बीडचे, महादजींचे गुरू मानले जातात. महाराष्ट्रातून निघालेली माणसं आपलं दैवत आणि आपला पीर दोन्ही बरोबर घेऊन आली होती.

सराफ्यात शिरलात की ‘ओली’ भेटतील: दाना ओली, डीडवाना ओली. मी यात आपली ‘ओळ’ किंवा ‘आळी’ ऐकतो, दाणेबाजाराची ओळ. डीडवाना मात्र मारवाडातलं गाव. हे ध्यानात ठेवायला हवं, कारण आपण मराठी मंडळी लष्कराला आपलंच समजून बोलतो. फौज मराठी सरदारांची खरी, पण तिला धान्य, कापड आणि कर्ज देणारे सराफ-सावकार बाहेरचेच होते. पगार थकले की शिपाई धरणं धरून बसत, हेही ब्राउटनच्या पत्रांत वाचायला मिळतं. हे सगळं सावकारीवर चालायचं. म्हणून या गावच्या इतिहासात सराफा हा किल्ल्याइतकाच महत्त्वाचा.

पुढे जनकगंज, जनकोजीरावांचं नाव सांगणारं. ते १८४३ मध्ये वारले आणि दरबारात मामासाहेब कदम आणि दादा खासगीवाले यांची चुरस सुरू झाली. खासगी बाज़ार अजून आहे. खासगी म्हणजे राजघराण्याचा स्वतःचा कारभार. त्या भांडणाचा शेवट २९ डिसेंबर १८४३ ला महाराजपूर आणि पनिहार इथल्या दोन लढायांत झाला. एकाच दिवशी दोन्हीकडे हार. पुढच्या महिन्यातल्या तहाने फौज नऊ हजारांवर आणली गेली. माझ्या मते आपल्या वाटेवरच्या शब्दांची खरी तारीख हीच. कंपू, जिन्सी, हुजरात, पायगा यांच्यातली बहुतेक माणसं त्या तहानंतर उरली नाहीत. नावं आपली बसून राहिली.

वाट छत्री बाज़ारात संपवा. शिंदे राजघराण्याच्या छत्र्या इथे आहेत. पुतळे, कोरीव काम, सगळं सावकाश बघा.

आता ही वाट लिहून ठेवायची घाई का, ते सांगतो. कापडी तंबू मागे काही ठेवत नाहीत, आणि वाडे तर आपल्या डोळ्यांदेखत पडताहेत. पाडून तिथे मार्केट उभं राहतं. त्याचं वाईट वाटतं, पण वारसदार दहा आणि पडकी भिंत एक अशा घरांना उपदेश करण्यात अर्थ नाही. नावांचं तसं नाही. ती सांभाळायला पैसा लागत नाही. मात्र नव्या पाटीवर गोठ गाळली, पायगा गाळली आणि नुसता वॉर्ड क्रमांक टाकला, की १८१० चा तळ कुठे कसा पडला होता हे सांगणारा शेवटचा पुरावा जातो. घरातल्या मुलांना मराठी वाचता येत नसली तरी ‘आम्ही बक्षी की गोठमध्ये राहतो’ हे ती रोज म्हणतात. त्यांना एकदा त्याचा अर्थ सांगा.

आणि एक काम आपल्यासाठी. घरातली जुनी खरेदीखतं, लग्नपत्रिका, पाकिटं काढा आणि त्यावरचे पत्ते उतरवून घ्या, सालासकट. एकाच जागेचं नाव ‘गोट’ होतं ते ‘गोठ’ कधी झालं, हे ठरवायला त्याहून चांगलं साधन नाही.