इंजिनाच्या अंगावरील तारखा

नशिराबादकरांना रेल्वेचे अप्रूप नाही. भुसावळ-जळगाव लोहमार्ग गावापासून जवळच आहे. तरीही इंजिने न्याहाळण्याचा नाद आम्हांला लागला तो पाचोरा-जामनेर या ५६ किलोमीटरच्या धाकट्या मार्गामुळे. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून वरखेडी, शेंदुर्णी, पहूर करीत जाणारी ही गाडी खानदेशात 'पीजे' या नावाने ओळखली जाई.

अशा मार्गांचा इतिहास बहुधा दोनच दिवसांचा लिहिला जातो: उद्घाटनाचा आणि निरोपाचा. मधली अनेक दशके मार्ग जिवंत कोणी ठेवला, हे पाहायचे तर दुरुस्तीच्या गाडीकडे पाहावे लागते. खडी, स्लीपर आणि गँगमन घेऊन निघणारी ही गाडी प्रवाशांच्या वेळापत्रकात नसते. तिला कोणी हार घालीत नाही, तिचे छायाचित्रही क्वचितच निघते.

तिच्या इंजिनाचीही एक कथा असते. नॅरोगेज डिझेल इंजिनांच्या 'झेडडीएम' या नावातील 'झेड' म्हणजे अडीच फुटी रूळ, 'डी' म्हणजे डिझेल आणि 'एम' म्हणजे प्रवासी व माल या दोन्हींसाठी उपयुक्त. यांतील बरीच इंजिने चित्तरंजनच्या कारखान्यात घडली. नॅरोगेज इंजिनांच्या मोठ्या दुरुस्तीसाठी महाराष्ट्रात ख्याती होती ती कुर्डुवाडीच्या कारखान्याची. तो मूळचा बार्शी लाईट रेल्वेचा. तेथे इंजिन उतरवून त्याची चाके, यंत्र, पत्रा यांपैकी जे झिजले ते बदलले जाई. क्रमांक मात्र तोच राही. आमच्याकडच्या गोधडीसारखेच हे: ठिगळे बदलत जातात, पण घरात ती आजीचीच म्हणून ओळखली जाते.

मग असे नव्याने बांधलेले इंजिन ओळखावे कसे? क्रमांकावरून नव्हे. डाग दिलेल्या पत्र्याच्या शिवणी पाहाव्या, एकाच इंजिनावर निराळ्या काळचे दिवे दिसतात का ते पाहावे. आणि मुख्य म्हणजे कारखान्याचे आद्याक्षर व दुरुस्तीची तारीख सांगणारी बाजूची बारीक अक्षरे वाचावी. इंजिनाचे खरे चरित्र त्या अक्षरांत असते.

२०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या टाळेबंदीत पीजे थांबली आणि पुन्हा धावली नाही. पुढे मार्गाच्या ब्रॉडगेज रूपांतराला आणि बोदवडपर्यंतच्या विस्ताराला मंजुरी मिळाली. रुंद रूळ या भागाला हवेच आहेत. त्याबद्दल आमची तक्रार नाही. भीती आहे ती वेगळीच. जुने इंजिन स्मारक म्हणून चौथऱ्यावर चढवताना त्याला प्रथम चकचकीत रंग दिला जातो, आणि त्या एका हातासरशी दुरुस्तीच्या सगळ्या तारखा पुसल्या जातात. उरते ते निव्वळ लोखंडी शोभेचे खेळणे.

म्हणून आमचे मागणे लहानसे आहे. रंगाचा डबा उघडण्यापूर्वी कोणीतरी वही उघडावी आणि ती अक्षरे उतरवून घ्यावी. ज्या हातांनी हे इंजिन पुनःपुन्हा उभे केले, त्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत. त्यांच्या कामाची साक्ष त्या तारखाच देतात.