‘पामीर’ : शिडाच्या जहाजावरील प्रशिक्षण आणि मालवाहतूक

यंत्रचलित जहाजांनी सागरी व्यापार व्यापल्यानंतरही भावी नौकाधिकारी शिडाच्या जहाजावरच घडावा, हा आग्रह जर्मनीत दीर्घकाळ टिकून होता. हॅम्बर्ग येथे १९०५ मध्ये बांधलेले ‘पामीर’ हे चार डोलकाठ्यांचे जहाज दुसऱ्या महायुद्धानंतर याच हेतूने पुन्हा वापरात आणले गेले. उंच डोलकाठीवर चढून शिडे गुंडाळणे, रात्रीचा पहारा देणे, सुकाणू धरणे ही कामे शिकाऊ तरुण प्रत्यक्ष करीतच शिकत. तथापि ‘पामीर’ ही केवळ शाळा नव्हती. मालाच्या भाड्यावर तिचा निर्वाह अवलंबून होता.

ऑगस्ट १९५७ मध्ये ब्यूनस आयर्सहून हॅम्बर्गकडे निघताना जहाजात जव भरलेले होते, तेही बहुतांशी पोत्यांत नव्हे, तर सुटे. २१ सप्टेंबर रोजी अझोर्स बेटांच्या नैर्ऋत्येस ‘कॅरी’ या चक्री वादळात ते बुडाले. ८६ जणांपैकी ८० मृत्युमुखी पडले. जहाजावरील निम्म्याहून अधिक जण शिकाऊ होते. ल्युबेक येथील चौकशीत धान्य एका बाजूस सरकल्याचा निष्कर्ष निघाला. स्थैर्यासाठी समुद्राचे पाणी घ्यावयाच्या टाक्यांतही जवच भरलेले होते, ही बाब विशेष बोलकी आहे. मालकपक्षाने निष्कर्ष अमान्य केले. परंतु टाक्यांतील धान्याचे समर्थन वादळाच्या तीव्रतेने होत नाही.

‘पासाट’ हे भगिनी-जहाजही त्याच वर्षी सेवेतून निवृत्त झाले. १९५८ मध्ये जर्मन नौदलासाठी बांधलेल्या ‘गोर्ख फोक’वर शिडे होती, शिकाऊ तरुण होते; विक्रीचा माल मात्र नव्हता.