टाउन हॉलच्या पायऱ्या आणि शहराची थैली

मंडळी, मुंबईस गेलात तर फोर्टात हॉर्निमन सर्कलसमोर तीस पायऱ्यांची, जाड खांबांची पांढरी इमारत दिसेल. तो टाउन हॉल, १८३३ साली पुरा झालेला. एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय तिथे असल्याने पुष्कळांना ती नुसती पुस्तकांची जागा वाटते. पण शहराची थैली कोणाच्या हाती असावी, हा मोठा वाद याच पायऱ्या चढून आत गेला होता.

१८६५ च्या कायद्याने मुंबईचा कारभार 'जस्टिस ऑफ द पीस' नावाच्या पंचांकडे आला. पंच म्हणजे आपल्या गावचे नव्हेत हं! सरकारने नेमलेले, लोकांनी निवडलेला एकही नाही. अंमल सगळा एका कमिशनरचा. पहिले कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. माणूस कामाचा. त्यांनी स्वच्छता केली, रस्ते केले, मंडई उभारली. पण हात फार सैल. त्याच १८६५ साली कापसाची तेजी कोसळून घरेच्या घरे बुडाली होती, आणि कर मात्र चढत होते.

१८७१ मध्ये करदाते खवळले. पंचांच्या सभेत जेम्स फोर्ब्स यांनी ठराव आणला. त्याचा रोख असा, की कमिशनरच्या हातचा अंमल काढून समितीकडे द्यावा. ऐकायला हे किती बरं वाटतं! पण एक तरुण बॅरिस्टर आडवा आला. हे फिरोजशहा मेहता. त्यांचं म्हणणं, काम एकाच माणसाच्या हाती राहू द्या, म्हणजे जाब त्यालाच विचारता येईल. दहाजणांनी मिळून गाडा हाकला, तर चूक कोणाची म्हणायची? मात्र त्याला जाब विचारणारे लोकांनी निवडलेले हवेत. दोष माणसाचा नाही, व्यवस्थेचा आहे. आपली ग्रामपंचायत आणि तिचा ग्रामसेवक डोळ्यांपुढे आणा, म्हणजे मुद्दा चटकन कळेल. तेव्हा मात्र तो पुष्कळांना रुचला नाही.

तरी १८७२ चा कायदा बराचसा त्याच वळणाने झाला. चौसष्ट सभासद, त्यांपैकी बत्तीस करदात्यांनी निवडायचे, सोळा पंचांनी, सोळा सरकारने नेमायचे. मत मोठा कर भरणाऱ्यालाच. हातगाडीवाल्याला ते मिळायला १९४८ ची निवडणूक उजाडावी लागली.

बोरीबंदरासमोरची महापालिकेची इमारत पुढे १८९३ साली पुरी झाली. फिरोजशहांचा पुतळा तिच्या दारातच आहे. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि साडेतीन वर्षांहून अधिक काळ निवडणूकच झाली नाही. आयुक्त हेच प्रशासक. त्या वर्षांत शहराचं अंदाजपत्रक आयुक्तांनी मांडलं, आणि प्रशासक म्हणून मंजूरही त्यांनीच केलं.