मोटारींच्या काचांना आलेल्या देवी

नवी मोटार घेतली की पहिले काही महिने माणूस तिच्याकडे जरा जास्तच निरखून पाहतो. हमरस्त्यावर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून एखादा खडा उडतो, समोरच्या काचेवर 'टक्' असा आवाज होतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडालेला दिसतो. मग दुसरा, मग तिसरा. जुन्या गाडीला असे कधी होत नसे, या नव्या गाडीची काचच कच्ची दिसते, ही तक्रार आम्ही अनेकांकडून ऐकली आहे. पण जुन्या गाडीच्या काचेवर किती टवके होते, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. ते कुणी मोजलेलेच नसतात.

ही तक्रार एकट्यादुकट्याची असते तोवर ती घरात, किंवा फार तर गॅरेजवाल्यापाशी राहते. १९५४ साली मात्र एका अख्ख्या शहराने ती एकाच वेळी केली, आणि प्रकरण थेट राष्ट्राध्यक्षांपर्यंत गेले. विज्ञानाच्या इतिहासात या घटनेला मोठे स्थान नाही. तरीही निरीक्षण आणि निष्कर्ष यांमधले अंतर वर्गात समजावून द्यायला इतके चांगले उदाहरण आम्हाला दुसरे माहीत नाही.

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात वॉशिंग्टन नावाचे राज्य आहे. (राजधानीचे वॉशिंग्टन शहर वेगळे, ते देशाच्या दुसऱ्या टोकाला आहे.) या राज्याच्या उत्तर सीमेजवळच्या बेलिंगहॅम या गावी मार्च १९५४ च्या उत्तरार्धात काही लोकांनी पोलिसांकडे तक्रार केली की, आमच्या मोटारींच्या समोरच्या काचांवर बारीक खळगे पडले आहेत. छऱ्याच्या बंदुका घेऊन फिरणाऱ्या टारगट पोरांचे हे काम असावे, असा पोलिसांचा कयास होता. पण पोरे काही सापडेनात. आठवड्याभरात दक्षिणेकडच्या सीड्रो-वुली आणि माउंट व्हर्नन या गावांतूनही तशाच तक्रारी येऊ लागल्या. १३ एप्रिलला फिडॅल्गो बेटावरील अ‍ॅनाकॉर्टिस गावाची पाळी आली. त्यानंतर जवळच्या व्हिडबी बेटावरील नौदलाच्या विमानतळावर हेच घडले. सैनिकांनी तळ पिंजून काढला. गुन्हेगार मिळाला नाही. साथ उत्तरेकडून दक्षिणेकडे, म्हणजे सिअ‍ॅटल या मोठ्या शहराच्या दिशेने सरकत होती, आणि तिच्या बातम्या सिअ‍ॅटलची वर्तमानपत्रे तीन आठवडे छापत होती.

१४ एप्रिलच्या संध्याकाळी साथ सिअ‍ॅटलमध्ये पोचली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून २४२ लोकांनी पोलिसांना दूरध्वनी केले आणि तीन हजारांहून अधिक मोटारींचे नुकसान कळवले. दूरध्वनी थोडे आणि मोटारी इतक्या जास्त, याचे कारण असे की अनेकांनी आख्खा वाहनतळ किंवा गॅरेज तपासूनच तक्रार केली होती. लोक रस्त्यात पोलिसांच्या गाड्या थांबवून आपल्या काचा दाखवू लागले. काहींनी काचांवर वर्तमानपत्रे पसरली, काहींनी गाडीतल्या पायपुसण्या टाकल्या. १५ एप्रिलला महापौर अ‍ॅलन पॉमेरॉय यांनी राज्याचे गव्हर्नर आर्थर लँग्ली आणि राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्याकडे तारेने मदत मागितली.

कारणांची तर लयलूट झाली. विश्वकिरण, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील बदल, इतकेच काय, वाळूत राहणाऱ्या पिसवांनी काचेत अंडी घातली असून ती आता फुटत आहेत, असेही सांगितले गेले. जिम क्रीक येथे नौदलाने नुकतेच दहा लाख वॉट शक्तीचे रेडिओ प्रक्षेपण केंद्र उभारले होते. त्याच्या लहरींनी काच कंप पावून टिचते, ही कल्पना जरा शास्त्रीय वाटणारी म्हणून अधिक आकर्षक ठरली. वास्तविक पाणबुड्यांना संदेश पाठवणाऱ्या या लहरींची लांबी दहा किलोमीटरहून मोठी होती. एवढी लांब लहर मोटारीच्या काचेत मोहरीएवढा खळगा नेमका कसा पाडणार, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही.

पण सर्वांत जास्त धास्ती होती ती हायड्रोजन बाँबची, आणि इथे आम्हाला सिअ‍ॅटलकरांची बाजू घ्यावीशी वाटते. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी प्रवाळबेटावर एक बाँब उडवला होता. त्याची शक्ती अंदाजाच्या दुपटीहून अधिक, १५ मेगाटन निघाली. दूरवर मासेमारी करणाऱ्या एका जपानी नौकेवर त्याची पांढरी राख पडली आणि तिच्यावरील तेवीसही जण किरणोत्साराने आजारी पडले. मार्चच्या मध्यावर ही बातमी जगभर गेली. (त्या नौकेचा रेडिओचालक पुढे सप्टेंबरात मरण पावला.) ३१ मार्चला अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्षांनी पत्रकारांना सांगितले की, एखादे शहर नष्ट करता येईल एवढा मोठा बाँब बनवणे शक्य आहे. ज्या माणसाने महिन्याभरात हे सारे वाचले आहे त्याला आपल्या काचेवर काळसर कण आणि बारीक खळगे दिसले, तर तो आकाशाकडे बोट दाखवील यात नवल ते काय? आकाशातून घातक राख पडू शकते हे तेव्हा सिद्धच झालेले होते.

त्या राखेनेच खळगे पाडले का, हा मात्र वेगळा प्रश्न, आणि तो तपासता येण्याजोगा होता. गायगर गणक काचांवरून फिरवले गेले. ते शांत राहिले. काचांवर सापडलेले काळे कण दगडी कोळसा जळताना तयार होणारे पोकळ गोलक आहेत, असे तपासणीत आढळले. असले कण त्या भागात वर्षानुवर्षे पडत होते, आणि काचेला खळगा पाडण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. वॉशिंग्टन विद्यापीठातले एक रसायनतज्ज्ञ तर हा सगळा निव्वळ बकवास आहे, लोकांना स्वप्ने पडत असावीत, असे म्हणून मोकळे झाले. पोलिसांच्या गुन्हे-प्रयोगशाळेतील अधिकाऱ्याचा हिशेब होता : पाच टक्के गुंडगिरी आणि पंचाण्णव टक्के जनतेचा उन्माद.

या दोन्ही उत्तरांवर आमचा आक्षेप आहे. खळगे स्वप्नातले नव्हते. काचेवर बोट फिरवले तर ते हाताला लागत होते. लोकांचे निरीक्षण अचूक होते; चूक होती ती 'हे आत्ताच झाले' या एका शब्दात, 'आत्ताच' या शब्दात. ती चूक दाखवायची तर लोकांना वेडे ठरवून भागत नाही. मोटारी मोजाव्या लागतात.

ते काम विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनीच केले. गव्हर्नरांच्या विनंतीवरून नेमलेल्या गटाने विद्यापीठाच्या आवारातील ८४ मोटारी तपासल्या. खळगे होते, पण बहुतेक समोरच्या काचेवर होते, मागच्या काचेवर नव्हते. वरून पडणारी राख पुढची-मागची असा भेद करीत नाही. पुढे धावणाऱ्या गाडीवर आदळणारी वाळू आणि खडे मात्र तो करतात. शिवाय जुन्या, खूप मैल धावलेल्या मोटारींवर खळगे अधिक आणि नव्या मोटारींवर कमी, हेही दिसून आले. एका रात्रीत आलेल्या संकटाने नव्या-जुन्याला सारखेच गाठले असते. नुकसान वर्षानुवर्षे साचत आलेले होते.

रस्त्यावरचा खडा काचेला इतके नुकसान का करू शकतो, हेही पाहू या. काबुली चण्याएवढा, सुमारे एक ग्रॅमचा खडा घ्या. गाडीचा आणि खड्याचा सापेक्ष वेग ताशी १०० किलोमीटर असेल, तर तो खडा ३९ मीटर उंचीवरून, म्हणजे बारा मजली इमारतीच्या गच्चीवरून काचेवर टाकल्यासारखे होते. वेग ताशी ६० केला तर ही उंची १४ मीटरवर येते. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, हे पुस्तकातले वाक्य इथे प्रत्यक्ष भेटते. पुढच्या ट्रकपासून अंतर ठेवावे आणि वेग आवरावा, हा सल्ला त्यातूनच निघतो.

आणि हा सगळा आघात टेकतो तो खड्याच्या एका टोकावर. दोन वक्र पृष्ठभाग एकमेकांवर दाबले गेले तर काय होते, याचे गणित हाइनरिश हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८१ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी मांडले. ज्याच्या नावाने आपण कंप्रता मोजतो तोच हा हर्ट्झ. काचेच्या भिंगांवरील प्रयोगांतून त्याला हा प्रश्न पडला होता. जिथे टेकते तिथे काच दाबली जाते, आणि दाब ती चांगला सोसते. पण टेकलेल्या वर्तुळाच्या कडेला लगत ती ताणली जाते, आणि ताण तिला सोसत नाही. तिथे बारीक गोल चीर पडते आणि आत जाताना शंकूसारखी पसरते. काचेवरचा ताजा टवका भिंगातून पाहिला, तर हा शंकू कित्येकदा स्पष्ट दिसतो.

समोरची काच एवढ्याने कोसळत नाही, कारण ती दुपदरी असते. दोन काचांमध्ये पारदर्शक प्लॅस्टिकचा थर असतो. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच कलावंत-रसायनज्ञाने ही युक्ती १९०९ साली पेटंट केली. टवका फक्त बाहेरच्या पदराला उडतो. मात्र त्यात पाणी शिरले तर चिरेच्या टोकाशी सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे बंध पाण्यामुळे सावकाश तुटत जातात आणि चीर पुढे सरकते. म्हणून टवका उडाल्यावर त्यावर लगेच साधी चिकटपट्टी लावावी आणि तडा लांबण्याआधी दुरुस्ती करून घ्यावी. दुरुस्तीत खळग्यातली हवा काढून काचेइतकाच अपवर्तनांक असलेली राळ भरतात आणि ती अतिनील प्रकाशाने घट्ट करतात. अपवर्तनांक जुळल्यामुळे प्रकाश जवळजवळ सरळ पार जातो आणि डाग फिका पडतो. १९५४ मध्ये अशी सोय नव्हती.

सिअ‍ॅटलची साथ आली तशीच गेली. १६ एप्रिलला पोलिसांना ४६ दूरध्वनी आले, १७ ला १०, आणि १८ पासून एकही नाही. अधिकाऱ्यांच्या खुलाशांचा त्यात वाटा असणारच. पण आमच्या मते आणखी एक साधे कारण होते. आपल्या काचेवरचे खळगे माणूस पहिल्यांदा एकदाच पाहू शकतो. शहरातल्या ज्यांना पाहायचे होते त्यांनी दोन दिवसांत पाहून घेतले होते. तोवर ते फक्त काचेतून रस्ता पाहत आले होते. नाहुम मेडालिया आणि ओटो लार्सन या समाजशास्त्रज्ञांनी सिअ‍ॅटलमधील लोकांना दूरध्वनीवरून प्रश्न विचारून या प्रकाराचा अभ्यास केला आणि १९५८ मध्ये तो प्रसिद्ध केला. बाँबच्या धास्तीला टेकायला एक हाताशी असलेली वस्तू मिळाली, असे त्यांनी सुचवले.

हा अभ्यास विद्यार्थ्यांना लहान प्रमाणावर करता येईल. उभ्या, बंद गाड्याच घ्याव्यात आणि मालकाची परवानगी घ्यावी. पुठ्ठ्यात १० सेंटिमीटर बाजूचा चौकोन कापून तो चालकासमोरच्या काचेवर धरावा. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बारीक खळगेही चमकतात, ते मोजावेत. मागच्या काचेवरही तसेच करावे. गाडी किती किलोमीटर धावली ते काट्यावरून टिपून घ्यावे. वीस-पंचवीस गाड्या झाल्या की आलेख काढावा, आणि मोजण्यापूर्वी प्रत्येक मालकाला आपल्या काचेवर किती खळगे असतील असे वाटते, तो आकडाही शेजारच्या रकान्यात लिहून ठेवावा.