नास्तिकांचा मृत्युविचार

नास्तिकांचा मृत्युविचार : ईश्वर, अमर आत्मा आणि परलोक यांवर विश्वास नसलेल्यांनी मृत्यूविषयी घेतलेल्या भूमिका. मनुस्मृतीने वेदांची निंदा करणाऱ्याला नास्तिक ठरवले असल्याने त्या व्याख्येत बौद्ध आणि जैनही येतात. प्रस्तुत नोंदीत हा शब्द ‘निरीश्वरवादी’ या आजच्या रूढ अर्थाने घेतला आहे.

नास्तिक माणूस मरणाला भीत नाही, असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. मरणाच्या भीतीत निदान तीन भीती मिसळलेल्या असतात : मेल्यावर काय भोगावे लागेल ही, मरताना किती हाल होतील ही, आणि आपली माणसे व हाती घेतलेली कामे सुटतील ही. परलोक नाही असे पटले की पहिली भीती मुळापासून जाते. दुसरी आणि तिसरी नास्तिकालाही चुकत नाहीत. त्यांना तो कसे तोंड देतो, यातच त्याच्या मृत्युविचाराचे खरे मोल आहे.

ईश्वर न मानण्याची कारणे

पहिले कारण पुराव्याचे. जो एखादी गोष्ट आहे असे सांगतो, त्यानेच ती दाखवावी, असा नास्तिकाचा आग्रह असतो. दुसरे कारण सृष्टीच्या रचनेशी निगडित आहे. प्राण्यांच्या शरीरातील नेमकी योजना पाहून योजक असलाच पाहिजे असे पूर्वी वाटे. चार्ल्स डार्विनने १८५९ साली नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडल्यावर ती योजना योजकावाचूनही समजावता येऊ लागली. तिसरे कारण दुःखाचे. ईश्वर सर्वशक्तिमान आणि दयाळू असेल, तर तान्ह्या मुलांचे रोग, दुष्काळ आणि भूकंप कशासाठी, या प्रश्नाला नास्तिकाचे समाधान होईल असे उत्तर मिळत नाही.

ही शंका परदेशातून आलेली नाही. वेद प्रमाण मानणाऱ्या कुमारिल भट्टानेच ‘श्लोकवार्तिका’त सृष्टिकर्त्या ईश्वराची कल्पना खोडून काढली. ईश्वराने दयेपोटी जग निर्मिले म्हणावे, तर निर्मितीपूर्वी दया करण्याजोगा प्राणीच नव्हता. आणि स्वतःच्या हेतूने निर्मिले म्हणावे, तर त्याला काहीतरी कमी होते असे मानावे लागते, असा त्याचा युक्तिवाद होता. अभिजात सांख्य दर्शनही ईश्वरावाचून जगाचा उलगडा करते. अशा आक्षेपांना उत्तर म्हणून नैयायिक उदयनाचार्याने ‘न्यायकुसुमांजली’ लिहिली. ईश्वर आहे की नाही, हा आपल्याकडे शतकानुशतके खुल्या वादाचा विषय होता.

चार्वाक आणि प्राचीन भारत

परलोक आणि आत्मा या दोहोंना थेट नकार दिला तो लोकायत किंवा चार्वाक मताने. पृथ्वी, आप, तेज आणि वायू ही चारच भूते खरी, आणि त्यांच्या विशिष्ट संयोगातून चैतन्य उपजते, असे हे मत सांगते. आंबवलेल्या द्रव्यात जशी मादकता येते तसेच हे घडते, असा दाखला चार्वाकांच्या नावे दिला जातो. संयोग मोडला की चैतन्यही संपते. मागे उरून स्वर्गात वा नरकात जाणारे काही नसते. चार्वाकांचे मूळ ग्रंथ लुप्त झाले. त्यांची मते प्रामुख्याने चौदाव्या शतकातील माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’सारख्या, म्हणजे विरोधकांच्या, ग्रंथांतून कळतात. म्हणून ‘खा, प्या, मजा करा’ म्हणणारे असे त्यांचे चित्र जपूनच स्वीकारावे लागते. मराठीत सदाशिव आठवले आणि आ. ह. साळुंखे यांनी चार्वाकांवर स्वतंत्र ग्रंथ लिहून ते चित्र तपासले.

दीघनिकाय या बौद्ध सुत्तसंग्रहात अजित केशकंबली हेच मत मांडताना दिसतो : माणूस मेला की त्याची भूते भुतांत मिसळतात, शहाणा आणि मूर्ख दोघेही सारखेच संपतात. त्याच संग्रहातील पायासी हा अधिपती तर प्रयोग केल्याचे सांगतो. देहदंडाची शिक्षा झालेल्या चोराला त्याने मोठ्या भांड्यात घालून तोंड लिंपून घेतले, भांडे तापवले आणि जीव बाहेर पडताना दिसतो का ते पाहिले. काही दिसले नाही. सुत्तात अखेर भिक्षू कुमार कश्यपाकडून त्याचे मतपरिवर्तन होते. प्रयोग अमानुष होता. तरी परलोकाचा दावा डोळ्यांनी तपासून पाहावा ही मागणी किती जुनी आहे, हे या कथेवरून कळते.

एपिक्यूरस ते ह्यूम

ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्यूरस (इ. स. पू. ३४१–२७०) देव मानत असे, परंतु ते माणसाच्या व्यवहारात लक्ष घालत नाहीत आणि आत्मा देहाबरोबर विखुरतो, असे त्याचे मत होते. सुखदुःख जाणिवेत असते आणि मृत्यू म्हणजे जाणिवेचाच अंत. तेव्हा मृत्यूचे दुःख भोगायला कोणी उरत नाही, हा त्याचा युक्तिवाद पुढच्या अनेक नास्तिकांनी स्वीकारला. त्याचा रोमन अनुयायी ल्युक्रीशियस याने त्याला जोड दिली : जन्मापूर्वीच्या अनंत काळात आपण नव्हतो याची आपल्याला खंत नसते, मग मृत्यूनंतरच्या काळाचीच का असावी?

हा विचार मरणाच्या दारात टिकतो का, याची कसोटी स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमच्या शेवटच्या दिवसांत पाहायला मिळाली. ह्यूमला काटेकोर अर्थाने संशयवादी म्हणणे योग्य. पण आत्म्याचे अमरत्व त्याला पटत नव्हते. जुलै १७७६ मध्ये जेम्स बॉझ्वेल मुद्दाम एडिंबरोत त्याला भेटला. आपण नष्ट होणार या विचाराने अस्वस्थ वाटत नाही का, असे त्याने विचारले. ह्यूमने ल्युक्रीशियसचाच दाखला देऊन नाही म्हटले. त्याच्या शांतपणाने बॉझ्वेलच हादरला. २५ ऑगस्ट १७७६ रोजी ह्यूम वारला. त्याच्या प्रसन्न अखेरीचे वर्णन अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथने पत्ररूपाने प्रसिद्ध केले, तेव्हा स्मिथवर टीकेची झोड उठली. धर्माच्या आधारावाचूनही माणूस समाधानाने मरू शकतो, हेच अनेकांना सहन झाले नाही.

मरताना नास्तिकाला देव आठवतोच, या समजुतीतून पुढे कथाही रचल्या गेल्या. स्वतःला अज्ञेयवादी म्हणवणाऱ्या डार्विनने मृत्युशय्येवर धर्माचा स्वीकार केला, असे लेडी होप या बाईंच्या नावे १९१५ साली अमेरिकेत छापून आले. डार्विनची मुलगी हेन्रिएटा हिने १९२२ मध्ये ते स्पष्ट शब्दांत नाकारले.

भगतसिंग

भारतातील सर्वांत ठळक उदाहरण भगतसिंगांचे. लाहोरच्या तुरुंगात ऑक्टोबर १९३० मध्ये, त्यांच्यावरील खटल्याचा निकाल तोंडावर आला असताना, त्यांनी ‘मी नास्तिक का आहे’ हा निबंध लिहिला. प्रसिद्धीमुळे आलेल्या अहंकारातून तुम्ही देव नाकारता, हा एका धर्मनिष्ठ सहबंद्याचा आरोप त्याला निमित्त झाला. ७ ऑक्टोबरला फाशीची शिक्षा जाहीर झाली आणि २३ मार्च १९३१ रोजी ती अमलात आली. निबंध त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लाहोरच्या ‘द पीपल’ या साप्ताहिकात प्रसिद्ध झाला.

या निबंधाचे बळ त्याच्या प्रामाणिकपणात आहे. श्रद्धेमुळे संकट हलके होते, ते सुसह्यही वाटू शकते, हे भगतसिंग मोकळेपणाने मान्य करतात. श्रद्धावंत हिंदूला पुढच्या जन्मी राजा होण्याची आणि मुसलमान वा ख्रिस्ती माणसाला स्वर्गाची आशा धरता येते. आपल्यासाठी मात्र गळ्याभोवती दोर आवळला जाईल तो क्षण अखेरचाच, हे त्यांना ठाऊक आहे. बक्षिसाची अपेक्षा न ठेवता देशासाठी आयुष्य वेचले, एवढे समाधान त्यांना पुरेसे वाटते. तेवीस वर्षांच्या माणसाने मृत्यू समोर असताना सांत्वनाचा सोपा मार्ग नाकारला. या धैर्याला विसाव्या शतकाच्या वैचारिक इतिहासात फार वरचे स्थान आहे.

महाराष्ट्र

महाराष्ट्रात हा विचार समाजसुधारणेच्या अंगाने आला. ‘सुधारक’ पत्राचे संपादक गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) हे ब्रिटिश तत्त्वज्ञ मिल आणि स्पेन्सर यांच्या प्रभावातले अज्ञेयवादी. परलोकाच्या भीतीवाचून माणूस नीतीने वागणार नाही, हे त्यांना मान्य नव्हते. नीतीचा आधार ते मानवी सुखात आणि विवेकात शोधत. पुण्यातील सनातन्यांनी ते हयात असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली. दीर्घ आजारात अकाली मरण समोर दिसत असता त्यांनी आपल्या अंत्यविधीपुरते पैसे उशाशी बांधून ठेवले होते, अशी आठवण सांगितली जाते. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी ‘जडवाद’ लिहून निरीश्वरवादाला मराठीत शास्त्रीय मांडणी दिली. अभिनेते डॉ. श्रीराम लागू यांनी ईश्वर ही कल्पना आता निवृत्त करावी, असे व्याख्यानांतून उघडपणे सांगितले. डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः नास्तिक होते. तरी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीत काम करण्यासाठी त्यांनी नास्तिकतेची अट घातली नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली.

आक्षेप आणि संशोधन

एपिक्यूरसच्या युक्तिवादावर स्वतः ईश्वर न मानणाऱ्यांनीही आक्षेप घेतले आहेत. अमेरिकन तत्त्वज्ञ टॉमस नेगेल याने १९७० साली दाखवून दिले की, मृत्यूचे वाईटपण वेदनेत नाही. जगायला मिळाले असते ते आयुष्य हिरावले जाते, यात आहे. तरुण मरण अधिक का सलते, याचे उत्तर इथे मिळते. उलट, अंतहीन आयुष्य अखेर कंटाळवाणे आणि अर्थशून्य होईल, असे ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्सने १९७३ मध्ये मांडले. मेंदुविकारतज्ज्ञ आणि लेखक ऑलिव्हर सॅक्स यांनी असाध्य कर्करोग कळल्यावर २०१५ मध्ये लिहिले, त्यात भीती नाही असा आव आणला नाही. मात्र त्यांची प्रमुख भावना कृतज्ञतेची होती.

श्रद्धेने मरणाची भीती कमी होते, हा समजही तपासला गेला आहे. जोनाथन जाँग आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली सुमारे १०० अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. श्रद्धा आणि मृत्युभय यांतला संबंध त्यांना क्षीण आढळला. निम्म्याहून अधिक अभ्यासांत तो दिसलाच नाही. काही अभ्यासांत दृढ श्रद्धावंत आणि ठाम नास्तिक या दोघांनाही भय कमी, तर मधल्यांना जास्त, असे चित्र होते.

अंत्यसंस्कार आणि शोक

परलोक नसेल तर पिंडदान आणि श्राद्ध यांचे प्रयोजन उरत नाही. त्यामुळे अनेक नास्तिक विधींशिवाय विद्युतदाहिनीत दहन, दिवसकार्याऐवजी स्मरणसभा, आणि नेत्रदान, अवयवदान वा देहदान यांची निवड करतात. महाराष्ट्रात देहदानाला १९४९ च्या शरीरशास्त्र अधिनियमाचा आधार आहे. डोळे साधारणपणे मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढावे लागतात. नेत्रदान झाले तरी देह वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाला देता येतो. शवविच्छेदन झालेला देह मात्र सहसा स्वीकारत नाहीत. जानेवारी २०१० मध्ये पश्चिम बंगालचे माजी मुख्यमंत्री ज्योती बसू यांचा देह त्यांच्या इच्छेनुसार कोलकात्यातील रुग्णालयाला देण्यात आला.

देहदान ही नास्तिकांची मक्तेदारी नाही, आणि मृताची इच्छा लेखी असली तरी जवळच्या नातेवाइकांची संमती लागतेच. म्हणून हा विषय घरात वेळेवर, स्पष्टपणे बोलून ठेवणे गरजेचे ठरते. मागे राहिलेल्यांचे दुःख तर्काने मिटत नाही. धार्मिक कुटुंबाला तेरा दिवस जी माणसांची सोबत विधींच्या निमित्ताने मिळते, ती निधर्मी कुटुंबाला जाणीवपूर्वक उभी करावी लागते. ती करण्याची जबाबदारी, मरणोत्तर जीवन नाही असे सांगणाऱ्या प्रत्येकावर येते. कारण हे एकच आयुष्य खरे मानले, तर त्यातले दुःख वाटून घेण्याला दुसरा मुहूर्त नसतो.